पाण्यातून चालत गेलेले रणगाडे आणि रद्दीत चाललेले कागद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्मंडीच्या चढाईवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. दुसऱ्या महायुद्धावर मराठीत होणारे लेखन बहुधा सेनापतींच्या स्वभावचित्रांपाशीच थांबते; आपल्या लेखकाने यंत्रसामग्रीकडे लक्ष दिले, हे मनापासून आवडले. परंतु ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे रणगाडे समुद्रातून पोहत किनाऱ्याला लागले, असे जे सरसकट विधान त्यात आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. कारण त्याच लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातला शर्मन रणगाडा पोहून आलेला नाही. त्याच्या इंजिनावर, पाठीमागच्या अंगाला, पत्र्याची उंच चौकोनी धुराडी उभी दिसतात. पोहणाऱ्या रणगाड्याला ती नसत. ज्याला ती आहेत तो रणगाडा समुद्राच्या तळावरून, स्वतःच्या पट्ट्यांवर, चालत आलेला आहे. लष्करी परिभाषेत या सामग्रीला ‘डीप वेडिंग’, म्हणजे खोल पाण्यातून चालत जाण्याची सामग्री, असे नाव होते. मी हा विषय हौसेने अभ्यासत आलो आहे, त्यामुळे पत्र नेहमीपेक्षा लांबणार आहे. आपल्या जागेवरचे हे अतिक्रमण सोसावे, ही विनंती.

प्रथम पोहणाऱ्या रणगाड्यांविषयी. निकोलस स्ट्राउस्लर या मूळच्या हंगेरियन अभियंत्याच्या कल्पनेतून आलेल्या ‘डीडी’ (ड्युप्लेक्स ड्राइव्ह, म्हणजे पट्टे आणि पंखे अशी दुहेरी चाल असलेल्या) रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा उभारलेला असे. त्या पडद्यामुळे तो तरंगे, मागचे दोन पंखे त्याला पुढे ढकलत आणि किनाऱ्याला लागताच पडदा खाली पाडून तो लढायला मोकळा होई. कल्पना देखणी होती, म्हणून चित्रपटांपासून लेखांपर्यंत सगळीकडे तीच मिरवते. नॉर्मंडीत अमेरिकी सैन्य जिथे उतरले त्या ओमाहा पुळणीवर मात्र त्या सकाळी काय घडले ते पाहावे. ७४१ व्या अमेरिकी रणगाडा बटालियनने २९ डीडी रणगाडे किनाऱ्यापासून पाच-सहा हजार यार्डांवर पाण्यात सोडले आणि खवळलेल्या समुद्रात त्यांतले २७ बुडाले. शेजारच्या ७४३ व्या बटालियनचे डीडी रणगाडे, समुद्राचा रंग पाहून, पोहायला न सोडता लँडिंग क्राफ्टमधूनच (सैन्य व वाहने किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांमधूनच) थेट पुळणीवर नेण्यात आले. या दोन्ही बटालियनांत डीडी रणगाड्यांच्या दोन-दोन कंपन्या होत्या आणि प्रत्येकी एक कंपनी धुराडी लावलेल्या, पाण्यातून चालणाऱ्या रणगाड्यांची होती. म्हणजे ओमाहावर खरोखर पोहून पोहोचलेले रणगाडे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. इतर पुळणींवर पोहणाऱ्यांनी पुष्कळ बरी कामगिरी केली, हे मान्यच आहे. पण चालत गेलेल्यांचा लेखात उल्लेखही नसावा, हे काही बरोबर नाही.

आता पाण्याचे रणगाड्याशी वाकडे कशासाठी, ते सांगतो. शर्मन सुमारे ९ फूट उंच. पण काहीही तयारी न करता तो जेमतेम तीन-साडेतीन फूट पाण्यातून जाऊ शके. पावसाळ्यात पुलाखाली तुंबलेल्या पाण्यात स्कूटर घालणाऱ्या प्रत्येक पुणेकराला यामागचे कारण अनुभवाने ठाऊक आहे: सायलेन्सरमध्ये पाणी शिरले किंवा प्लग भिजला की गाडी जागीच बसते. रणगाड्याच्या बाबतीत अडचण अनेक पटींनी मोठी, कारण त्याच्या इंजिनाला हवा अफाट लागते. शर्मनच्या मूळ प्रकारात बसवलेले कॉन्टिनेंटल आर-९७५ हे विमानाच्या धाटणीचे, हवेने थंड होणारे इंजिन होते. ते टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाच्या) मागच्या जाळीतून हवा ओढून घेई आणि गरम हवा व धूर पाठीमागून सोडी. ही दोन्ही तोंडे पाण्याखाली गेली की इंजिन एकाच वेळी गुदमरणार आणि भिजणार. म्हणून वेडिंगच्या सामग्रीत एक धुराडे हवा आत घेण्यासाठी आणि दुसरे गरम हवा बाहेर टाकण्यासाठी, अशी पत्र्याची जोडी इंजिनाच्या पाठीवर बसवत. दोन्हींची तोंडे टरेटच्या माथ्याच्या आसपास राहत. एवढ्या तयारीवर शर्मन सुमारे ६ फूट पाण्यातून, म्हणजे टरेटचे बूड भिजेपर्यंत, जाऊ शकत असे.

इथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण छायाचित्रे तपासताना तो फार उपयोगी पडतो. शर्मन हे नाव एकच असले तरी त्यात निरनिराळी इंजिने बसवलेली होती: कुठे हे रेडियल इंजिन, कुठे जनरल मोटर्सची जोड-डिझेल, कुठे फोर्डचे व्ही-८, तर ब्रिटिशांना मोठ्या संख्येने मिळालेल्या प्रकारात क्रायस्लरने पाच मोटारींची इंजिने एकत्र गुंफून केलेले एक अजब यंत्र. प्रत्येकाची जाळी आणि मागची रचना वेगळी असल्यामुळे धुराड्याचा खालचा भागही वेगळा करावा लागे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर वरचा भाग काढून टाकत, पण खालची बैठक अनेकदा तशीच राही आणि नॉर्मंडीच्या गावांतून, शेतांतून काढलेल्या नंतरच्या छायाचित्रांतही ती रणगाड्याच्या पाठीवर दिसते. तिच्या आकारावरून आत कोणते इंजिन असावे याचा अंदाज बांधता येतो आणि हा रणगाडा समुद्रातून चालत आलेल्यांपैकी आहे हेही कळते. छायाचित्रांखालच्या ओळी लिहिणाऱ्यांनी मात्र तिला कधी ‘जादा सायलेन्सर’ ठरवले आहे, कधी ‘सामानाची पेटी’. आपल्या पुरवणीतल्या छायाचित्राखाली तर तिची दखलच नाही.

धुराडी ही सामग्रीतली नजरेत भरणारी वस्तू. खरे कष्टाचे काम जलरोधनाचे होते. रणगाडा म्हणजे पोलादी पेटी खरी, पण त्या पेटीला भोके किती असतात याची कल्पना ती बुजवायला बसल्यावरच येते. खालच्या बाजूला तेल काढण्याची झाकणे आणि आपत्कालीन दार, पुढे मशिनगनचा गोल सांधा, चालकाच्या डोक्यावरचे झाकण, पेरिस्कोपच्या खाचा, तोफ ज्या ढालीतून बाहेर येते तिच्या कडेची फट, तारांच्या नळ्या, पेट्रोलच्या टाकीची आणि गिअरबॉक्सची हवा खेळती ठेवणारी भोके, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे टरेट फिरण्यासाठी ठेवलेली वर्तुळाकार फट. यांतली प्रत्येक जागा आधी तेलकटपणा पुसून कोरडी करायची, मग तिच्यावर अ‍ॅस्बेस्टसचे तंतू मिसळलेले घट्ट ग्रीस किंवा चिकट लुकण थापायचे, सांध्यांवर पट्टी ओढायची, मॅग्नेटो आणि प्लगच्या तारांवर विद्युतरोधक लेप द्यायचा. बोट फिरवून खात्री केल्याशिवाय पुढच्या जागेकडे वळायचे नाही. एखादा बोल्ट वॉशरशिवाय राहिला, तर त्याची किंमत पाच माणसांचा रणगाडा समुद्रात उभा राहण्यात मोजावी लागणार होती.

टरेटची फट आणि तोफेची ढाल यांचे वेगळेच कोडे होते. तिथे रबरी कापड घट्ट चिकटवले तर पाणी थांबे, पण टरेट फिरेना आणि तोफ उचलेना. किनाऱ्याला लागल्या क्षणी तर गोळीबार सुरू करायचा. त्या गोळीबारात बाहेर उतरून कापड सोलत कोण बसणार? ब्रिटिशांनी यावर काढलेला तोडगा धाडसी म्हणावा असा होता: कापडाच्या कडेने कॉर्डटेक्स ही दोरीसारखी स्फोटक वात फिरवून ठेवायची आणि पाण्याबाहेर येताच ती आतूनच पेटवून कापड उडवून लावायचे. धुराड्यांचा वरचा भागही टरेटमधून तार ओढून मोकळा करता येईल अशी सोय केलेली असे, कारण तो उभा असेपर्यंत मागच्या बाजूला तोफ फिरवणे आणि पाहणे दोन्ही अवघड होते.

आणखी एक पेच या सगळ्याच्या मुळाशीच होता. पाणी आत येऊ नये म्हणून जे जे बुजवले, त्यामुळे उष्णता बाहेर जाण्याचे मार्गही बुजले. पूर्ण जलरोधन केलेली गाडी रस्त्यावरून फार अंतर चालवली तर इंजिन तापे आणि लुकण विरघळून ओघळू लागे. म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करावे लागे: बराचसा भाग छावणीतच, काही भाग बंदराजवळच्या तळावर आणि शेवटची झाकणे व कापडे जहाजावर चढण्याच्या सुमारास. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर हीच क्रिया उलटी करायची. इंजिन जळण्याआधी हवेची तोंडे मोकळी करायची आणि खारे पाणी जिथे शिरले असेल तिथून ते पुसून काढायचे. वेळापत्रकात दोन-चार दिवसांचा फरक पडला की फिटर मंडळींचा जीव टांगणीला लागणार, हे वेगळे सांगायला नको. नॉर्मंडीची चढाई ५ जूनवरून ६ जूनवर ढकलली गेली, तेव्हा सेनापतींनी हवामानखात्याकडे कसे डोळे लावले होते याची वर्णने आपण भरपूर वाचली आहेत. बंद केलेल्या इंजिनांवर लुकण थापून बसलेल्या फिटरांची वर्णने मला तरी अजून फारशी आढळलेली नाहीत.

ही विद्या एका दिवसात आलेली नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप बंदरावर १९ ऑगस्ट १९४२ रोजी घातलेल्या छाप्यात कॅनडाच्या कॅल्गरी रेजिमेंटचे चर्चिल रणगाडे उतरले, तेव्हा त्यांना अशीच हवेची उंच धुराडी लावलेली होती. चर्चिलची हवा दोन्ही कुशींना असलेल्या खोक्यांमधून आत जाते, म्हणून त्याची धुराडी कुशीवरून वर नेलेली होती. (अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल जवळून पाहता येतो. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. मुलांना जरूर न्यावे.) लँडिंग क्राफ्टमधून बाहेर पडलेल्या २९ रणगाड्यांपैकी दोनच पाण्यात बुडाले, आणि उरलेले पुळणीवर आले. तिथे मात्र त्यांची गाठ दिएपच्या गोट्यांशी पडली: चकमकीच्या दगडाचे ते गुळगुळीत गोटे पट्ट्यांच्या आणि चाकांच्या मध्ये अडकून अनेकांच्या पट्ट्या तुटल्या किंवा निखळल्या, आणि समुद्राची भिंत ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर फक्त १५ पोहोचू शकले. छाप्याचा शेवट भयंकर झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या अपयशाचे खापर वेडिंगच्या सामग्रीवर फोडणारे वाक्य जेव्हा वाचनात येते, तेव्हा लिहिणाऱ्याने आकडे पाहिलेले नाहीत, असेच म्हणावे लागते.

सामग्री नसती तर काय झाले असते, याचे उत्तर पॅसिफिकमधल्या तारावाने दिले. २० नोव्हेंबर १९४३ रोजी बेटिओ बेटावर अमेरिकी मरीन दलाचे १४ शर्मन उतरले, आणि त्यांना डीप वेडिंगचे काहीच साहित्य दिलेले नव्हते. दिवस भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, भरतीचे पाणी अपेक्षेइतके चढलेच नाही, त्यामुळे लँडिंग क्राफ्ट प्रवाळाच्या कडेलाच अडकली आणि रणगाड्यांना तिथून किनाऱ्यापर्यंत कित्येकशे यार्ड उथळ पाण्यातून जावे लागले. उथळ म्हणायचे ते सरासरीने. त्या प्रवाळावर आदल्या काही तासांत स्वतःच्याच आरमाराच्या गोळ्यांनी खड्डे पाडून ठेवलेले होते, आणि गढूळलेल्या पाण्यात ते दिसत नव्हते. म्हणून काही सैनिक गोळीबारात रणगाड्यांच्या पुढे पायी चालत खड्डे दाखवत गेले. तरीही काही रणगाडे खड्ड्यांत जाऊन कायमचे बंद पडले. पाणी सर्वत्र तीन-चार फूट असले तरी एका जागी सहा फूट असेल तर हिशेब त्या एका जागेचा करावा लागतो. नॉर्मंडीच्या पुळणींवरही हीच गत होती: लँडिंग क्राफ्ट वाळूच्या दांड्यावर टेकायची, पुढचा दरवाजा पडायचा, आणि दांड्याच्या पलीकडच्या चरात पाणी पुन्हा खोल व्हायचे. कोकणात पुळणीवर वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

या अनुभवांवरून शिकण्यासाठी ब्रिटनने डेव्हनच्या किनाऱ्यावर स्वतंत्र चाचणी केंद्रे चालवली. अ‍ॅपलडोअर आणि वेस्टवर्ड हो इथे संयुक्त मोहिमांची प्रायोगिक संस्था होती आणि जवळच्याच इन्स्टो गावी ‘रेमी’ या यांत्रिकी दलाची पाण्यातून वाहने नेण्याच्या चाचण्या करणारी शाखा होती. याच दलाने पुढे शर्मनचे टरेट काढून, वर होडीच्या नाळेसारखा पोलादी सांगाडा चढवून, ‘बार्व्ह’ नावाचे बचाववाहन केले, जे सुमारे ९ फूट पाण्यात जाऊन बंद पडलेल्या गाड्या ओढून आणी. त्याच्यासाठी डिझेल इंजिनाचा शर्मन मुद्दाम निवडला होता, कारण तापलेले इंजिन वारंवार गार पाण्यात बुडवण्याचा धक्का ते अधिक सोसे. आणि चालकदलात एक पाणबुड्या असे. समुद्रात उतरून, बुडालेल्या रणगाड्याला तारेचा आकडा अडकवणाऱ्या त्या पाणबुड्याला युद्धकथांमध्ये नायकाचे स्थान मिळालेले नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

जर्मनांचा मार्ग तिसराच होता. १९४० मध्ये इंग्लंडवर उतरण्याच्या तयारीसाठी त्यांनी पँझर-३ आणि पँझर-४ रणगाडे पूर्णपणे पाण्याखाली जातील असे सिद्ध केले: हवेसाठी लांब लवचीक नळी, तिचे टोक पाण्यावर तरंगते ठेवणारा बोया, धुराच्या नळीला एकाच दिशेने उघडणारी झडप, टरेटच्या फटीत फुगवलेली रबरी कडी आणि दिशा कळावी म्हणून जायरो कंपास. इंग्लंडची मोहीम झालीच नाही. ते रणगाडे २२ जून १९४१ रोजी बुग नदीच्या तळावरून रशियात शिरले. पहिल्या ४९५ टायगर रणगाड्यांनाही सुमारे चार मीटर पाण्यातून जाण्याची सोय होती, पण पुढे खर्च आणि खटाटोप पाहून ती काढून टाकण्यात आली. आज आपल्या सैन्यातले टी-७२ आणि टी-९० नदी ओलांडताना श्वासनळी लावतात, ते या तिसऱ्या घराण्यातले. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या नद्यांवर वापरलेले पीटी-७६ मात्र खरेखुरे पोहणारे होते. पोहणे, चालणे आणि बुडून जाणे या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या की कोणत्या अडचणीवर कोणता उपाय शोधला गेला होता, हेच वाचकाला कळेनासे होते.

हे सारे पुण्याच्या वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण आता सांगतो. वेडिंगची सामग्री एकदाच वापरायची होती. पातळ पत्रा, कापड, ग्रीस, लुकण, वात. किनाऱ्याला लागले की उडवून द्यायचे, फेकून द्यायचे. डीडी रणगाडे समुद्रतळावर सापडतात. इंग्लंडच्या स्लॅप्टन सँड्सजवळ बुडालेला एक १९८४ मध्ये वर काढला आणि तो आता तिथे स्मारक म्हणून उभा आहे. पत्र्याची धुराडी मात्र पुळणींवरच गंजून, भंगारात वितळून गेली आणि आज ती अपवादानेच पाहायला मिळतात. त्यामुळे या विषयाचा अभ्यास वस्तूंवरून करता येत नाही; तो छायाचित्रांवरून आणि कागदांवरून करावा लागतो. कागद म्हणजे सेनापतींचे पत्रव्यवहार असे मला म्हणायचे नाही. कोणत्या क्रमाने कोणता सांधा बुजवायचा, कोणते लुकण कुठे चालत नाही, किती मैल चालवल्यावर कोणते झाकण उघडायचे, हे सांगणाऱ्या वर्कशॉपच्या पुस्तिका, भागांच्या याद्या, दुरुस्तीच्या सूचनांच्या चिठ्ठ्या आणि प्रशिक्षणाच्या वह्या मला अभिप्रेत आहेत.

असे कागद पुण्यात असण्याला सबळ कारण आहे. खडकवासला तलावाच्या उत्तर काठावर युद्धकाळात संयुक्त दलांचे प्रशिक्षण केंद्र होते आणि सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देण्यासाठी तिथे ‘एचएमएस अँगोस्टुरा’ या नावाचे एक लुटुपुटीचे उतरणजहाज उभारलेले होते. युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना ही तयार जागा पथ्यावर पडली, हे प्रबोधिनीच्या इतिहासातच नमूद आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या माथ्यावर, गोड्या पाण्याच्या आणि भरती-ओहोटी नसलेल्या तलावात समुद्रावरच्या चढाईची तालीम होत होती, ही गोष्ट रविवारी तिथे कणीस खायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? खारे पाणी गोड्या पाण्याहून विजेच्या तारांचा किती लवकर घात करते, किंवा लाट धुराड्याच्या तोंडापर्यंत कशी उसळते, हे त्या तलावात शिकता येण्यासारखे नव्हते. चढण्या-उतरण्याची शिस्त मात्र शिकता येत होती.

त्या सरावाची परीक्षा पुढे झालीही. ९ सप्टेंबर १९४५ रोजी, जपानने शरणागतीवर सह्या केल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात, मलायाच्या किनाऱ्यावर मोरिब इथे २५ व्या भारतीय डिव्हिजनचे सैनिक उतरले. समोर शत्रू लढत नव्हता, तरीही पुळणीवरच्या वाळूच्या पातळ थराखाली चिखल निघाल्याने वाहनांमागून वाहने रुतून बसली. गोळी न झाडता उडालेली ती तारांबळ पाहून, लढाई झाली असती तर काय झाले असते याचा विचार अनेक इतिहासकारांनी केला आहे. मला त्यात दिसतो तो मुद्दा वेगळा आहे: भारतीय सैन्याच्या वाहनांचे जलरोधन कोणीतरी, कुठेतरी, हाताने केले होते. सैन्याची यांत्रिकी शाखा १९४३ मध्येच वेगळी झालेली होती आणि तिच्या वर्कशॉपांतले फिटर, वेल्डर, स्टोअरकीपर, कारकून यांत मराठी माणसे थोडी नव्हती. खडकी, दापोडी, देहूरोड इथल्या लष्करी आस्थापनांत आयुष्य घालवलेल्यांची कुटुंबे आजही पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात. त्यांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांत काय आहे, हे कोणी विचारलेले नाही.

आपल्या शहराला कागदांची किंमत कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले ते याच पुण्यात, आणि पेशवे दफ्तरातल्या रुमालांवर पिढ्यान्‌पिढ्या माना मोडल्या त्याही इथेच. पण मोडीतल्या चिटोऱ्याला हात लावताना श्वास रोखणारे आपण, १९४३ सालची टंकलिखित इंग्रजी पुस्तिका पाहिली की ‘हे काय करायचंय ठेवून’ म्हणून मोकळे होतो. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, नदीकाठच्या पेठांतल्या घरांतले कागद वाहून गेले ते आपल्या हातात नव्हते. फ्लॅटमध्ये जाताना जे किलोच्या भावाने देऊन टाकतो ते तर आपल्या हातात आहे. एका ग्रंथालयात मी युद्धकालीन यांत्रिकी पुस्तिकांची चौकशी केली, तेव्हा ‘मागणी नसल्यामुळे’ तसले जुने साहित्य निकाली काढल्याचे मला शांतपणे सांगण्यात आले. मागणी नोंदवायला आलेला माणूस समोर उभा असताना हे उत्तर मिळाले, म्हणून लक्षात राहिले. त्यानंतर मी रविवार आणि बुधवार जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू केल्या. तिथे जुनी स्पॅनर, जुने हेल्मेट, लष्करी पाण्याची बाटली यांना गिऱ्हाईक आहे. पुस्तिका असलीच तर ती इतर रद्दीच्या गठ्ठ्यात, मुखपृष्ठ फाटलेल्या अवस्थेत असते.

म्हणून आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, मूळ लेखातल्या विधानाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी आणि त्या छायाचित्राखालची ओळ बदलावी. आपल्या संग्रहात ते छायाचित्र त्याच ओळीसह राहिले तर दहा वर्षांनी पुन्हा तीच चूक छापली जाईल. दोन, युद्धकाळात खडकवासल्याच्या केंद्रात किंवा परिसरातल्या लष्करी वर्कशॉपांत काम केलेल्यांच्या कुटुंबीयांना आवाहन करणारी छोटी चौकट आपण प्रसिद्ध करावी. तिथे वाहनांच्या जलरोधनाचे कोणते पाठ दिले जात, साहित्य कोणत्या डेपोतून येई, ही उत्तरे मिळतील तर अशाच घरांतून.

ज्यांच्याकडे असे काही निघेल त्यांनी ते आवरून-सावरून देण्याचा मोह टाळावा. ग्रीसचे डाग पुसू नयेत, मधल्या सुट्या चिठ्ठ्या ‘पुस्तकातल्या नाहीत’ म्हणून काढून टाकू नयेत. सुधारित सूचना बहुधा अशाच चिठ्ठ्यांवर छापून येत आणि कोणत्या महिन्यात कोणती पद्धत बदलली हे त्यांच्यावरूनच ठरते. मुखपृष्ठावरचा शिक्का आणि कोपऱ्यातला छपाईचा क्रमांक यांचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तरी अर्धे काम होते. एखाद्या वहीत मालकाने मराठीत टिपणे केलेली असतील, तर ती वही इंग्रजी पुस्तिकेपेक्षाही आधी वाचायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे